मोईन, तुझ्या पहारेकऱ्याला आम्ही सांगितलं

मोईन,

तुझ्या चाळिसाव्याला भांडी आवरून झाल्यावर नसरीननं मला आतल्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, तिला रडायचं असेल. बाहेर बायांच्या गराड्यात तिला धड रडताही आलं नव्हतं; कोणी ना कोणी पाण्याचा गिलास पुढं करत होतं, सब्र कर म्हणत होतं. पण तिनं दार लोटलं, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "बाजी, तो खेळ मला शिकव."

मला क्षणभर कळलंच नाही. "कोणता गं?"

"तुमचा. दुकानाच्या माळ्यावरचा. बटणांचा. लग्न झाल्यापासून ऐकून राहिले मी त्याच्याबद्दल. शिकवतो म्हणायचा, फुरसतीनं शिकवतो म्हणायचा. दोघांत मजा न्हाई, माणसं लागतात म्हणायचा." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "त्यातलं एक दार तुम्ही उघडलंच न्हाई ना? गाडीवर जाताना मधेच म्हणायचा, त्या दाराचं जमलं बघ आता. मला ते दार बघायचं हाय."

तिला काय सांगणार होते मी? त्या दारामागं काय आहे ते आम्हालाही कधी कळलं नाही. तुझ्याखेरीज ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

तरी मी हो म्हणाले. लातूरला परतताना एसटीत खिडकीशी बसून पूर्ण वाट मी त्या होकारालाच शिव्या देत होते.

तुला आठवतं ना, ते सगळं सुरू कसं झालं? तुझ्या हैदराबादच्या मामेभावानं एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं अशा कुठल्याशा इंग्रजी खेळाची झेरॉक्स तुला दिली होती, इतकी पुसट की अर्धी वाक्यं अंदाजानं वाचायची. त्यात बर्फाखाली गाडलेलं एक गाव होतं, डोंगराच्या पोटात एका राजाचं थडगं होतं, दाढीवाले बुटके होते आणि पानापानावर दारूचे गुत्ते होते. तू ते कागद कॉलेजात माझ्या, ज्ञानूच्या आणि किशोरच्या पुढं टाकलेस आणि विचारलंस, "बर्फ बघितलाय का कोणी?" कोणीच बघितला नव्हता. "मग आपल्या गावात काय न्हाई ते सांगा." ज्ञानू लगेच म्हणाला, "पाणी."

तिथंच काम झालं. पुढच्या रविवारपर्यंत तू बर्फाचं गाव कोरडं ठणठणीत करून टाकलंस. थडग्याचा हौद झाला, एका पडक्या किल्ल्याखालचा, ज्यात पिढ्यान्‌पिढ्या कोंडून ठेवलेलं पाणी आहे असं गावात बोललं जायचं. गुत्त्यांची चहाची हॉटेलं झाली. बुटके गेले आणि त्यांच्या जागी मोंढ्यातले हमाल आले. तुझ्या अब्बांच्या, आमच्या चाचांच्या, टेलरिंगच्या दुकानातल्या अस्तराच्या कापडावर तू नकाशा काढलास, आधी शिलाईच्या खडूनं आणि मग निळ्या पेनानं. त्या खेळाला फासे लागतात. चाचा म्हणाले, फासा म्हणजे जुगार, माझ्या दुकानात पडणार न्हाई. तू एका शब्दानं वाद घातला नाहीस. डब्यातली शर्टाची बटणं घेतलीस, एकेकावर एकपासून वीसपर्यंत आकडे घातलेस आणि पिशवीत टाकलीस. ती पिशवी चाचांनीच शिवून दिली, कशाला हवी ते न विचारता.

रविवारी दुपारी मी होस्टेलवरून यायचे, ज्ञानू मुदखेडहून पॅसेंजरनं आणि किशोर सायकलवर. खाली मशिनी चालू असायच्या, वर आपण. वरून "मेला! मेला!" असा गोंधळ उठला की खालून चाचांची हाक यायची, "कौन मरा रे?" आणि तू शिडीच्या भोकातून डोकं काढून सांगायचास, "कोणी न्हाई अब्बा, राक्षस मेला!"

हे आठवून मी हल्ली हसायला लागते आणि हसू मधेच तुटतं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. चाकूरहून आलेली मी वर्गात हजेरीलासुद्धा इतकी हळू बोलायचे की सर दोनदा नाव घ्यायचे. तू मला पहिल्याच खेळात सरदार केलंस. "सरदारसाहेब, वेशीवर शिपाई अडवून राहिलेत. काय म्हणता त्यांना?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. ज्ञानू मदतीला काही बोलणार होता, तू हातानंच त्याला गप्प केलंस आणि माझ्याकडं बघत बसलास. ना घाई, ना कीव. शेवटी मी म्हणाले, "बाजूला व्हा." तू म्हणालास, "शिपायाला ऐकू आलं न्हाई." मी पुन्हा म्हणाले. "अजून न्हाई." तेव्हा मी अशी ओरडले की खालच्या मशिनी थांबल्या. आज लातूरला मी भरलेल्या वर्गाला माईक न घेता फिजिक्स शिकवते. मागच्या बाकापर्यंत आवाज जातो. तो आवाज माळ्यावरचा आहे, मोईन. इतक्या वर्षांत इतक्या वेळा फोन झाले आणि हे साधं वाक्य मी कधी बोलले नाही. वाटायचं, एवढं काय, भेटल्यावर सांगू.

आणि त्याच सरदाराला तू मारलंस. "मी न्हाई मारलं, बटणानं मारलं," असं तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास. किल्ल्याच्या बुरुजावरून उडी मारताना बटण निघालं चारचं. आकडे इतके बारीक की ते तूच वाचायचास. मी चिडून म्हणाले होते, "चौदा म्हणाला असतास तर? मला काय कळणार होतं?"

"तुला न्हाई कळलं तरी मला कळलं असतं," तू म्हणालास. "पुढं तू जिंकलीस तर मला खरी टाळी वाजवता आली नसती."

मी म्हणाले, गोष्ट माणसांसाठी असते, माणसं गोष्टीसाठी नसतात. तू म्हणालास, खोट्या आकड्यानं वाचवलेला माणूस वाचलेला नसतो. पुढं कॉलेज संपलं, नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पण हे भांडण काही मिटलं नाही. दर दोन-तीन वर्षांनी फोनवर कशावरून तरी निघायचंच.

खेळ मात्र त्या दारापाशी थांबून राहिला. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा आल्या आणि आपण हौदाच्या दारात उभे राहिलो ते राहिलोच. मी पुन्हा पुन्हा म्हणायचे, व्हिडिओवर बसू, किशोर पुण्याहून जोडला जाईल. तू ऐकायचा नाहीस. "बटण सगळ्यांच्या समोर निघालं पाहिजे. यायचं तर समोर बसायला या." शेवटी तूच लिहिलंस, दिवाळीत ये, ज्ञानू येतो, किशोरला ओढून आणू. मी लिहिलं, लई हट्टी आहेस. तुझं उत्तर आलं, "हाव." तेवढंच.

दिवाळीच्या आधी ज्ञानूचा फोन आला. मी नुकतीच वर्गातून बाहेर येत होते. तो म्हणाला, "वैशाली, मोईन गेला." मी विचारलं, "कुठं?"

नसरीनला हो म्हटल्यावर मी पहिला फोन ज्ञानूला केला. तो अजून मुदखेडलाच आहे, रेल्वेत. तू कागदावर काही ठेवायचा नाहीस, सगळं डोक्यात, म्हणून आम्ही दोघं आठवत बसलो. ज्ञानूला हमालांची भांडणं जशीच्या तशी आठवत होती, मला माणसांची नावं. बऱ्याच गोष्टी दोघांना वेगवेगळ्या आठवत होत्या आणि कोणाचं खरं ते सांगणारा तू नव्हतास. दर वेळी आमच्या तोंडी यायचंच, "मोईनला विचारू."

नकाशा चाचांनी दुकानातल्या पेटीतून काढून दिला. पिशवीही. पण खेळायचं कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "बेटा, घरात मौत झालीय," ते मला म्हणाले. "बहू इद्दतीत बसली हाय, चार महिने घराबाहेर पाय न्हाई टाकायचा तिला. लोक काय म्हणतील? ह्या घरात खेळ मांडलाय म्हणतील." रागानं बोलले असते तर मी दुसऱ्या दिवशी सगळं गुंडाळून ठेवलं असतं. पण ते अगदी अजिजीनं बोलत होते.

उत्तर नसरीननंच दिलं. "अब्बा, तुम्ही दुकानात जाता. तिथं त्याची खुर्ची हाय, त्याच्या ओळखीची माणसं येतात, तुम्ही त्याच्याबद्दल बोलता. मी ह्या चार भिंतीत हाय. मला त्याच्याकडचं नवीन काहीच मिळून न्हाई राहिलं. हे एकच नवीन हाय."

चाचा उठले. टोपी सारखी केली आणि नमाजला गेले.

मग मी तुझा खेळ नव्या माणसांसाठी बसवायला घेतला. तू झेरॉक्सवरून आमच्यासाठी बसवलास, तसा मी आमच्यावरून ह्यांच्यासाठी. खेळायला नसरीन, आणि गल्लीपलीकडं दिलेली तुझी बहीण रुखसाना. इद्दतीत परके पुरुष समोर चालत नाहीत, म्हणून ज्ञानू फोनवरच. तलवारबाजी काढली. घाटातले दरोडेखोर काढले आणि तिथं एक नाका ठेवला, जिथं वाद घालून सुटता येतं. नसरीनला सुईण केलं, रुखसानाला शेळ्या राखणारी. इथपर्यंत सोपं होतं. अडलं ते पहारेकऱ्यापाशी.

हौदाच्या दारातला तुझा पहारेकरी मेलेला होता. आणि त्याला ते माहीत नव्हतं. गाव कोरडं पडायच्या आधी कधीतरी त्याला तिथं उभं केलेलं, बदली माणूस आला नाही, तो उभ्या उभ्या मेला आणि तरी तसाच भाला धरून उभा राहिला. कोणी जवळ गेलं की एकच बोलायचा, "हुकूम न्हाई." आम्ही त्याच्याशी लढलो होतो, तो हलला नव्हता. पण ज्या घराला अजून तुझ्या वासाची सवय आहे त्या घरात मी हा माणूस कसा उभा करू? ज्ञानू म्हणाला, काढून टाक. मी काढला नाही, पण जिवंत केला. साधा, म्हातारा, कंटाळलेला शिपाई. समजावलं की ऐकेल असा.

पहिल्या रविवारी आम्ही अंगणात सतरंजी टाकली. थंडीतली दुपार होती, ऊन छान पडलं होतं. चाचा भिंतीशी खुर्ची टाकून, पाठ आमच्याकडं करून तसबीहचे मणी ओढत बसले. मी नसरीनला समजावलं, मी गोष्ट सांगणार, तुम्ही गोष्टीतली माणसं व्हायचं, काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि अवघड काम जमलं की नाही ते बटण सांगणार, आकडा मोठा तर जमलं.

"आणि मी चुकले तर?"

"चुकता येत नाही ह्यात. फक्त जमत नाही कधी कधी."

नाक्यावर दोघींनी जो वाद घातला तो तू ऐकायला हवा होतास. रुखसानानं शेळ्या पुढं घातल्या आणि नसरीननं नाकेदाराला त्याची बायको अडल्याचं खोटंच सांगून पळवलं. बटण निघालं एकोणीसचं. नसरीन हसली. तू गेल्यापासून मी पहिल्यांदा तिला हसताना बघितलं आणि हसता हसता तिनं घाबरून सासऱ्याकडं पाहिलं. चाचांची पाठ तशीच होती, पण तसबीह थांबली होती.

दोघी किल्ल्याकडं निघाल्या. उन्हात तहान लागली, शेळ्या बसल्या, आता पाणी कुठून आणायचं यावर चर्चा सुरू झाली. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "ह्या गोष्टीत म्हातारं माणूस चालतं का?"

नसरीननं माझ्याकडं बघितलं.

"चालतं चाचा," मी म्हणाले.

"मग भिश्ती लिहा मला. पाण्याची मशक घेऊन मागून येऊन राहिलो म्हणावं." खुर्ची उचलून ते सतरंजीजवळ आले. खाली बसता येत नाही त्यांना, गुडघे दुखतात. नकाशावर वाकून बघत म्हणाले, "हे कापड माझ्याकडचंच हाय."

दुसऱ्या रविवारी आम्ही हौदाच्या दारापाशी पोचलो. मी म्हणाले, दारात एक शिपाई उभा आहे, हातात भाला आहे. नसरीननं त्याला सलाम केला. मी आवाज जड करून म्हणाले, "हुकूम न्हाई."

चाचा एकदम हसले. "हेच! हेच ओरडायचा वर! मी खाली काज करायचो आणि वरून हे. हुकूम न्हाई, हुकूम न्हाई. एकदा गिऱ्हाईक घाबरून निघून गेलेलं." ते हसत राहिले आणि मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

नसरीन हसली नाही. ती माझ्याकडं रोखून बघत होती.

"बाजी, हा असा नव्हता ना?"

"कसा?"

"असा साधा. समजावलं की बाजूला होणारा. मोईननं असा माणूस दारात उभा केला नसता. तू काहीतरी लपवून राहिलीस."

मोईन, तुझ्या बायकोनं तो खेळ जन्मात दोनदा खेळला होता, पण तुला ती आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखत होती. मी सांगून टाकलं. "तो मेलेला आहे, नसरीन. त्याला ते माहीत नाही. म्हणून अजून उभा आहे."

रुखसानानं तोंडावर हात धरला. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मी नकाशाची घडी घालायला घेतली. वाटलं, संपलं, आपण करू नये ते केलं.

"ठेव," चाचा म्हणाले. "घडी कशाला घालतीस? ठेव तसंच." मग नकाशावरच्या त्या दाराच्या निळ्या चौकोनाकडं बघत म्हणाले, "त्याला कोणी सांगितलंच न्हाई?"

"नाही."

"तुम्ही लोकांनी काय केलेलं?"

"लढलो."

"लढले," ते म्हणाले. त्यात दोष नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मी सांगतो त्याला."

ते खुर्चीतून पुढं सरकले, आणि मी पहारेकरी झाले. आयुष्यात मला इतकं जड काही करावं लागलं नव्हतं. ते माझ्या डोळ्यात बघून बोलत होते.

"सलाम बेटा. किती दिवस उभा हाय इथं?"

"हुकूम न्हाई," मी म्हणाले.

"हाव, हाव, आत न्हाई जात मी. बघ, मी भिश्ती हाय. म्हातारा हाय. खोटं बोलायचं वय न्हाई माझं. तुझा पहारा संपला बेटा. कधीच संपला. तुला सांगायला कोणी आलं न्हाई, ही आमची चूक. आता बस. पाय दुखले असतील."

इथं तुझ्या नियमानं बटण काढायचं होतं. त्यानं ऐकलं की नाही ते बटणच सांगणार. चाचांनी पिशवीत हात घातला, एक बटण काढलं, उन्हाकडं धरलं, आणि माझ्याकडं दिलं. "बघ गं, मला बारीक दिसत न्हाई."

तीन.

ते फक्त मला दिसत होतं, मोईन. नसरीन, रुखसाना, कोणीच जवळ नव्हतं. तेरा म्हणाले असते तर जगात कोणाला कळलं नसतं. एवढ्या वर्षांच्या भांडणात मी ज्या बाजूला उभी होते ती सगळी बाजू त्या क्षणी माझ्या तळहातावर होती. समोर तुझा बाप खुर्चीच्या कडेवर बसून उत्तराची वाट बघत होता. मी तेरा म्हणणारच होते. खरं सांगते, ओठ उघडले होते. पण त्यांनी माझा चेहरा आधीच वाचला असावा, कारण मी बोलायच्या आत ते हळूच म्हणाले, "न्हाई ऐकला ना?"

"तीन," मी म्हणाले. "नाही ऐकला."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं आता ते उठून जातील.

"पहिल्यांदा ऐकून कोण विश्वास ठेवतं," ते म्हणाले. "मला पण कुठं पटलं होतं. डॉक्टरनं दोनदा सांगितलं मला." मग नसरीनकडं वळून म्हणाले, "पुढच्या इतवारी परत सांगू."

म्हणून तू जिंकलास असं समजू नकोस. अजूनही मला वाटतं, काही वेळा चौदा म्हणावं. पण तेरा म्हणून मी त्यांच्याकडून ते वाक्य हिरावून घेतलं असतं, हे मला कळतं. हे भांडण मला तुझ्याशी पुढं चालू ठेवायचं होतं. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं, आणि तुझी बाजू मी नीट मांडते की नाही ते सांगायला तू नाहीस.

तो आठवडा वाईट गेला. वर्गात शिकवताना मधेच थांबायचे. ज्ञानू रोज फोन करून विचारायचा, दार उघडलं तर काय दाखवणार? त्याच्या मते आत खजिना असणार, तू नेहमी शेवटी काहीतरी भरभरून द्यायचास. किशोर पुण्याहून म्हणाला, आत अजून एक दार असेल, तो हरामखोर तसलाच होता. आणि मग किशोर फोनवर रडला. मी काहीच ठरवलं नाही. तुझ्या डोक्यातलं मला काढता येत नव्हतं, आणि माझ्या डोक्यातलं तिथं ठेवायची हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या रविवारी चाचा आमच्याआधी अंगणात येऊन बसले होते. पण बोलायला नसरीन पुढं झाली. "आज मी सांगते," ती म्हणाली.

मी पुन्हा पहारेकरी झाले. "हुकूम न्हाई."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही थांबले. थांबायचं कसं ते मी तुझ्याकडून शिकलेय.

"तुम्ही जेवून गेला नव्हता त्या दिवशी," ती म्हणाली. सुईण म्हणून बोलत होती की कोण म्हणून, मी विचारलं नाही. "डबा तसाच राहिला. मी तो दोन दिवस धुतला न्हाई. तुम्हाला वाटत असंल, आपण गेलो तर ह्यांचं कसं होईल, म्हणून उभे असाल. तर ऐका. अब्बांचं मी बघून राहिले. दुकान चालू हाय. मी पण जेवते. रोज न्हाई, पण जेवते. पाण्याचं आम्ही बघू. तुम्ही बसा आता. मी सांगते ना, बसा."

रुखसाना तोंड फिरवून रडत होती. नसरीननं पिशवीत हात घातला, बटण काढलं, आणि माझ्याकडं न देता स्वतःच वाचलं.

"सोळा."

मी म्हणाले, "तो तुमच्याकडं बघतो. हातातला भाला भिंतीला टेकवतो. आणि खाली बसतो. भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. मग डोळे मिटतो."

कोणीच दाराबद्दल विचारेना. शेवटी रुखसानानं नाक पुसून दार ढकललं. मी म्हणाले, "दार उघडलं." आणि पुढं शब्द नव्हते माझ्याकडं. मी तिलाच विचारलं, "काय दिसतं?"

"पाणी," ती म्हणाली.

"किती?"

"लई. जिथवर नजर जाते तिथवर. गार हाय."

असं उघडलं तुझं दार, मोईन. तुझ्या डोक्यात हेच होतं का, मला माहीत नाही. नसेलही. तू काय जमवलं होतंस ते तुझ्याबरोबर गेलं, आणि मी कितीही आठवलं तरी जे कधी ऐकलंच नाही ते आठवणार कसं? ज्ञानूला सांगितलं तेव्हा त्यानं आधी सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "असू दे. पाणीच निघालं ना."

पण ज्ञानूला जे सांगितलं नाही ते तुला सांगते. दार उघडल्यावर नसरीननं खेळाच्या हिशेबानं विचारलं, आता काय, गावाला जाऊन सांगायचं का? मी म्हणाले, हो, गाव वाट बघतंय, वाट लांब आहे, आत्ता निघालात तर दिवस मावळायच्या आत पोचाल. रुखसानानं शेळ्या गोळा केल्या.

चाचा म्हणाले, "तुम्ही दोघी व्हा पुढं. गावाला सांगा. मी बसतो जरा याच्यापाशी."

"भिश्ती मागे थांबतो?" मी विचारलं.

"हाव. मशक ठेवतो खाली, आणि बसतो. मला कोणी घाई करून न्हाई राहिलं ना?"

"नाही चाचा. कोणी घाई करत नाही."

त्यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि हात मांडीवर ठेवले. ऊन भिंतीवर चढलं होतं. मी नसरीनला विचारलं, "तुम्ही दोघी गावाकडं निघालात का?"

तिनं चाचांकडं बघितलं, मग नकाशाकडं.

"न्हाई," ती म्हणाली. "आम्ही पण बसलोय."